माझा वरचा सूर आणि भाईंचा भोंगा

तरुणपणी मला गाता येतं असा माझा समज होता. तो कोणी करून दिला ते आठवत नाही; बहुतेक मीच. लग्न होऊन या गावात आले तेव्हा सासूबाईंनी विचारलं, "काय काय येते तुले?" तर मी स्वयंपाकाच्या आधी गाणं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "बरं झालं माय. पोळ्या लाटता लाटता म्हणत जा." मी खरंच म्हणत गेले. त्यातला टोमणा कळायला मला काही वर्षं लागली. एवढी मी हुशार.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं. घर चौकात. वरच्या मजल्यावर आम्ही, आणि खाली रस्त्याला लागून एक दुकान. आमचे हे तहसीलीत कारकून होते, त्यांचे वडीलही तिथेच होते. दुकान सासऱ्यांनी एका माइकवाल्याला भाड्याने दिलेलं. त्याच्यामागे त्याचा मुलगा ते चालवू लागला, तेच आमचे भाई. लग्न असो की मयत, सिनेमाची जाहिरात असो की आमदाराची सभा, गावात आवाज म्हणून जो काही निघायचा तो भाईंच्या भोंग्यातून. आमच्या गॅलरीच्या कठड्याखाली त्यांनी सिमेंटात एक लोखंडी आकडा बसवून घेतला होता. तिथून वायर निघायची आणि चौकभर फिरायची.

भाई चिकट माणूस. जळालेली वायरसुद्धा फेकायचे नाहीत. सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत बसायचे आणि पंखा दुरुस्तीला दिला की "उद्या" म्हणायचे. त्यांचा उद्या आठवडाभर चालायचा. पण स्वतःचा आवाज भोंग्यातून ऐकायची त्यांना मोठी हौस. इतर माइकवाले "हॅलो, वन टू थ्री" करतात. भाईंचं निराळं होतं. मशीन लावली की ते म्हणायचे, "हॅलो. हॅलो. ज्यांचं दूध चुलीवर आहे त्यांनी जरा पाहून घ्या." आणि खरं सांगते, घरोघरच्या बाया हातातलं टाकून स्वयंपाकघरात पळायच्या. निम्म्या वेळा दूध खरंच वर आलेलं असायचं.

आमच्या चौकात कोजागिरीला भुलाबाईची गाणी व्हायची. महिनाभर पोरी घरोघर म्हणायच्या, डब्यात खाऊ लपवून "ओळखा" म्हणायच्या, आणि शेवटच्या दिवशी आम्ही मोठ्या बाया चौकात सतरंजी टाकून बसायचो. त्या दिवशी भाई माइक लावून द्यायचे. माइक कुणाच्या हातात असायचा हे सांगायला नको. मी तो घ्यायची ती सोडायची नाही. आणि दर वर्षी एक गोष्ट व्हायची: मी वरचा सूर लावला की भोंग्यावर कुणी पातेलं उपडं घालावं तसा आवाज एकदम खाली यायचा. मी वळून भाईंकडे पाही. भाई आभाळाकडे पाहत असायचे.

मला वाटायचं, काय हा कलेचा जाणकार! वरचा सूर हळू आवाजात अधिक गोड लागतो, हे या माणसाला कसं बरं कळलं असेल? मी आमच्या ह्यांना तसं बोलूनही दाखवलं. ह्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. पेपर हलत होता.

पुष्कळ वर्षांनी एकदा भाईंनाच विचारलं.

"भाई, माझ्या गाण्यात मधातच आवाज काहून कमी होते?"

"भाभी, तुम्ही वर गेल्या की युनिट जाते."

"म्हणजे?"

"भोंग्याच्या मागे युनिट असते, त्यात पातळ पापडी असते. कोणी ओरडलं की ती फाटते. नवी आणायले नागपूरले जा लागते."

"मी ओरडते?"

"नाही नाही. तुम्ही गाताच. पण पापडीले काय समजते?"

त्या दिवशी मी जेवले नाही. म्हणजे रात्री जेवले.

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढचं त्याच्याशिवाय कळणार नाही. पुढचं म्हणजे पक्षाचं.

आज त्या पक्षाचं राज्य आहे असं कुणी म्हणालं तर मी हो म्हणेन, कारण नगरपंचायत त्यांची आहे आणि माझ्यापुरतं राज्य नगरपंचायतीपर्यंतच पोचतं. पण सुरुवातीला तो पक्ष नव्हता, साधं मंडळही नव्हतं. आमच्या जिन्याखाली एक कॅरम बोर्ड होता आणि त्याभोवती चार-पाच पोट्टे. त्यांच्यात चौकातल्या किराणावाल्याचा मधला मुलगा पुढे असायचा. त्याला आता सगळे अध्यक्ष म्हणतात, तर मीही तसंच म्हणते. लहानपणी त्याला काय म्हणायचो ते छापण्यासारखं नाही. तेव्हा माझे हातपाय धड होते, हे निवृत्त झालेले, मुलगा एका संस्थेच्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलेला, आणि घरात मला ऐकणारं कुणी नव्हतं. अशा वेळी पाच पोरं रोज "काकू, काकू" म्हणत पाया पडू लागली तर कुणाचं डोकं ठिकाणावर राहील? माझं तर आधीच नव्हतं.

ती सकाळी चौकात झेंडा लावायची आणि देशाचं गीत म्हणायची. गीत लागायचं भाईंच्या मशीनवर. भाई पैसे घेत नसत. "देशाचं काम आहे, भाभी," म्हणायचे, "अन् फुकट जाहिरात पण होते." मी वरून चहाचा ट्रे घेऊन उतरायची. त्या दिवसांत मी स्वतःला राष्ट्रमाताच समजत होते, हातात तलवारीऐवजी ट्रे एवढाच फरक. कधी शिरा करायची, कधी आलूबोंडे. पोरं खाऊन म्हणायची, "काकू, तुमच्यासारख्या आया पाहिजेत देशाले." मी ते दिवसभर मनात घोळवायची. आता वाटतं, शिऱ्यात तूप जरा कमी घातलं असतं तर देशाला माझी एवढी गरज पडली नसती.

पण नुसती हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही ही. पोरांनी कामं केली. उन्हाळ्यात बसस्टँडवर पाणपोई घातली. नाली तुंबली की स्वतः फावडं घेऊन उतरली. कुणाला रात्री-अपरात्री यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचं असलं तर गाडी आणायची. आमचे हे गेले तेव्हा नातेवाईक पोचायच्या आत या पोरांनी लाकडं आणली, तिरडी बांधली, खांदा दिला. अध्यक्ष माझ्या मुलाच्या बाजूला शेवटपर्यंत उभा होता. हे मी विसरले नाही आणि विसरणारही नाही. माणसं मला विचारतात, तुम्हाला आधी कळलं नाही का? मी म्हणते, तुमच्या घरातली तिरडी कोणी बांधली ते आधी सांगा.

मग हळूहळू बोलणं बदललं. एकदम नाही. आधी "आपला देश" होता, मग "आपली माणसं" आली, मग नुसतं "आपले" राहिलं. ज्यांना "आपले" म्हणायचं नव्हतं त्यांना नाव नव्हतं. त्यांच्यासाठी फक्त हनुवटी वर करून एक दिशा दाखवायची पद्धत पडली. ती दिशा बहुतेक वेळा मशिदीच्या गल्लीची असायची. मी ती हनुवटी पाहिली. मला वाटलं, पोराची मान आखडली असेल. खोटं सांगत नाही, मी त्याला लावायला तेल दिलं.

पक्षाचं नाव झालं, पावती छापली गेली, शेजारच्या गावांत शाखा निघाल्या. कळंबला गणपतीच्या दर्शनाला गेले तर तिथल्या रस्त्यावरही त्यांचाच फलक. मग दुकानांना स्टिकर लागले. हाताच्या पंजाएवढा देशाचा नकाशा, खाली पक्षाचं नाव. ज्याच्या शटरवर नकाशा ते दुकान आपलं. कुणी सक्ती केली नाही. पोरं हसत यायची, चिकटवायची, चहा प्यायची. ज्याने लावून घेतला नाही त्याच्याकडेही हसतच पाहायची.

भाईंच्या शटरला स्टिकर नव्हता. भाईंना ते लागलं. त्यांचा स्वभाव असा की फुकट वाटलेली कुठलीही गोष्ट आपल्याला मिळाली नाही याचा त्यांना त्रास व्हायचा. एके सकाळी ते अध्यक्षाला म्हणाले, "काबे, मले काहून नाही? तुमच्या पक्षाचं बारसं माझ्या माइकवर झालं."

अध्यक्ष हसला. "भाई, तुमचं कसं आहे, तुमाले नकाशा दुसरा लागते."

सगळे हसले. भाईही हसले. मीही ट्रे घेऊन उभी होते, तर मीही हसले असेन. त्यातल्या एका पोराला काय वाटलं कोण जाणे, त्याने खिशातून एक स्टिकर काढून भाईंच्या शटरवर दाबून लावला. "घ्या, भाई." दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुणीतरी खरवडून काढलेला होता. अर्धा निघाला, अर्धा राहिला. उरलेल्या डिंकावर चौकाची धूळ बसून एक काळा चट्टा तयार झाला. भाईंनी तो पुसला नाही. मी म्हटलं, "रॉकेलचं फडकं देऊ का?" म्हणाले, "राहू द्या. रॉकेल कायले वाया घालता?"

एवढं होऊनही पक्षाच्या सभेला माइक भाईंचाच लागायचा. आता पक्ष पैसे देत होता, आणि चांगले देत होता. भाई ते घेत होते. त्यांच्या बायकोने एकदा मला जिन्यात गाठून विचारलं, "आपा, हे कायले जातात तिथं? लोकं काय काय बोलतात यायच्याच तोंडावर." मी भाईंना सांगितलं. भाई म्हणाले, "मी ऐकतच नाही, भाभी. मी सुई पाहतो. मशीनची सुई लाल पट्ट्यात गेली नाही पाहिजे, बस. काय बोलून राह्यले ते भोंगा पाहून घेईल."

मग ती सभा आली. बाहेरून मोठा वक्ता येणार होता. पक्षाची पहिली निवडणूक जवळ आली होती आणि बाजारच्या मैदानात आजूबाजूच्या गावांतून ट्रॅक्टर भरून माणसं आली. मला पहिल्या रांगेत खुर्ची. मी नवं लुगडं नेसून, नातीकडून पावडर लावून घेऊन बसले होते. पक्षाच्या काकू म्हणून मला काहीजण नमस्कार करत होते आणि मी तो असा घेत होते जणू मैदान मीच भाड्याने दिलंय.

सुरुवातीला भाषण छान झालं. जवान झाले, कापसाचा भाव झाला, आयाबहिणी झाल्या. मी टाळ्या वाजवल्या. मग वक्त्याने आवाज खाली आणला, अगदी कानात बोलल्यासारखा, आणि मग पायरी पायरीने चढवत नेला. घरात उंदीर झाले तर काय करता, म्हणाला. तुमच्या चौकात कुणाकुणाची दुकानं आहेत ते आज घरी जाताना नीट पाहा, म्हणाला. आता तो माइक गिळायच्या बेतात आला होता. मानेच्या शिरा तटतटल्या. आणि पुढचं वाक्य सुरू झालं तेवढ्यात भोंग्यावर पातेलं पडलं.

पुढच्या रांगेत आम्हाला शब्द ऐकू आले. ते इथे लिहीत नाही. मागे मात्र कुजबुज सुरू झाली, "काय म्हणते? काय म्हणते?" वक्त्याने माइकला टिचकी मारली. "आवाज वाढवा!" आवाज वाढला. त्याने तेच वाक्य पुन्हा वरच्या पट्टीत घेतलं. पुन्हा पातेलं.

मी मान वळवून मंचाच्या बाजूला पाहिलं. भाई मशीनशी बसले होते, एक हात बटणावर, आणि आभाळाकडे पाहत होते. आणि मला, सवयीने, हसू आलं.

वक्ता थांबला. मागे वळून त्याने विचारलं, "मशीनवर कोण आहे?" अध्यक्षाने त्याच्या कानात सांगितलं. वक्ता पुन्हा माइकपाशी आला आणि अगदी शांतपणे, गोड आवाजात म्हणाला, "पाहिलंत? यांना माझा आवाज सहन होत नाही." एवढं शांतपणे बोलल्यावर सुई लाल पट्ट्यात जायचं कारण नव्हतं. मैदानाच्या शेवटच्या माणसापर्यंत ते वाक्य स्वच्छ पोचलं. भाईंच्याच भोंग्यातून. टाळ्या थांबता थांबेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं दुकानासमोर जमली. नेहमीपेक्षा जास्त होती, काही चेहरे मी पहिल्यांदा पाहत होते. वरून ऐकलं तर अध्यक्षाचा आवाज, तोही चढा नाही.

"भाई, आवाज कमी काहून केला?"

"युनिट गेलं असतं ना बाप्पा. तोंडात माइक घेऊन ओरडत होता तो."

"आजलोक गेलं नाही. कालच जाऊन राह्यलं होतं?"

"आजलोक गेलं नाही कारण मी कमी करतो!"

कुणीतरी हसलं, पण ते नेहमीचं हसू नव्हतं. मला वाटलं, आता आपण उतरावं. या पोरांना मी ओळखते, माझा शिरा खाऊन मोठी झालीत, दोन गमती सांगितल्या की निवळेल. चहा टाकला, ट्रे घेतला आणि उतरले. काय माझा तो रुबाब! जणू युद्धात दूत निघालाय, दूध-साखर घेऊन.

"अरे पोट्टेहो," मी म्हटलं, "कायले त्याच्या मागं लागले? हा कोणाचाही आवाज कमी करते. मले विचारा! कोजागिरीले मी वरचा सूर लावला की याचा हात बटणावर. आयुष्यभर माझं गाणं दाबलं यानं. मी कधी कम्प्लेंट केली का?" आणि मग मी तो सगळा किस्सा सांगितला, सासूबाईंच्या पोळ्यांपासून पापडीपर्यंत. हातवारे करून सांगितला. भाईंची नक्कलही केली, आभाळाकडे पाहून. पोरं हसली, अध्यक्षाच्या तर डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, जिंकलं.

अध्यक्षाने डोळे पुसले, माझ्या ट्रेमधला कप उचलला आणि म्हणाला, "म्हणजे काकू, याले ज्याचा आवाज पटत नाही त्याचा हा कमी करते."

"अरे, तसं नाही. युनिट—"

"तुम्हीच तर सांगून राह्यल्या. आयुष्यभर दाबला म्हणता. तुमच्याच घरात दुकान मांडून." तो इतरांकडे वळला. "काकू काय खोटं बोलतील?"

मागच्या रांगेतला एकजण मोबाइल धरून उभा होता. संध्याकाळी ते सगळं गावभर फिरलं. नातीने दाखवलं मला. पापडी त्यात नव्हती, हसणं त्यात नव्हतं. ट्रे हातात घेतलेली एक बुढी तेवढी होती, आणि तिचं एकच वाक्य: आयुष्यभर माझं गाणं दाबलं यानं. खाली लिहिलं होतं, घरमालकीणच सांगते आहे, ऐका. माझा आवाज गावाच्या प्रत्येक घरात जावा ही माझी लग्नापासूनची इच्छा होती. पोचला. महागावच्या मार्केटात सोयाबीन घेऊन गेलेल्या आमच्या दिराने तिथून फोन केला, "वहिनी, तुम्ही इथं पण दिसून राह्यल्या."

दुसऱ्या दिवशी मी भाईंकडे गेले. ते स्टुलावर बसून वायर गुंडाळत होते. मी काय बोलले ते आता आठवत नाही, बरंच बोलले असेन, ऐकून घेऊन ते म्हणाले, "भाभी, काल पण तुम्ही वरचाच लावला." आणि वायर गुंडाळत राहिले.

त्यानंतर भाईंना कुणी हात लावला नाही. दगड पडला नाही, शिवी दिली नाही. हेच अध्यक्षाने मला सांगितलं, मी त्याच्या घरी गेले तेव्हा. "काकू, कोणी काही केलं का त्याले? लोकायनं ठरवलं, मी काय करू?" त्याच्या आईने मला चहा दिला. पहिल्यांदाच त्या घरी माझ्या हातात कप होता आणि समोरच्याच्या हातात ट्रे. चहा गोड होता. मी पिऊन परत आले.

लोकांनी ठरवलं होतं. नवरात्रात दुर्गादेवीच्या मंडळाने यवतमाळहून डीजे मागवला. मग लग्नांची बोलणी केलेले लोक येऊ लागले, "भाई, पोरीकडचे म्हणतात त्यांचा डीजे आहे." पंखे दुरुस्तीला येणंही कमी झालं. शाळेच्या स्नेहसंमेलनाला पिढ्यानपिढ्या भाईंचा माइक असायचा. त्या वर्षी माझ्याच मुलाला संस्थेने सांगितलं की व्यवस्था दुसरीकडे झाली आहे. संस्थाचालक नुकतेच पक्षात गेले होते. मी मुलाला म्हटलं, "तू बोलला का काही?"

"काय बोलू, आई? नोकरी त्यायच्याच संस्थेत हाय ना माझी, तूच सांग." मग माझ्याकडे न बघता, "तू बोलली तेवढं पुरे झालं."

भाईंच्या मोहल्ल्यातली लग्नं होती, पण तेवढ्यावर दुकान चालत नाही. त्यात बायको आजारी पडली. लेक मुकुटबनला दिलेली. जावई म्हणाला, इकडे या, कापसावर फवारायचे बॅटरीचे पंप लोकांकडे ढीगभर आहेत, दुरुस्तीला माणूस नाही. भाईंनी भाड्याचा हिशेब करून माझ्यासमोर ठेवला, शेवटच्या महिन्याचे दिवस कापून. मी म्हटलं, भाडं राहू द्या. म्हणाले, "नाही भाभी, मग तुम्ही पण डिपॉझिटातून काहीतरी कापसाल."

टेम्पो आला त्या सकाळी मी गॅलरीत उभी होते. त्यांनी भोंगे एकात एक घालून दोरीने बांधले, मशीन गोधडीत गुंडाळली. मग परत आत जाऊन भिंतीतल्या खिट्ट्या काढल्या, बटणं काढली, शेवटी दिव्याचं होल्डरसुद्धा स्क्रू काढून खिशात घातलं. मला वाटत होतं, जाता जाता एकदा मशीन लावतील. एकदा "हॅलो" म्हणतील. चौकात आणखी दोन-तीन गॅलऱ्यांत बाया उभ्या होत्या. त्याही त्यासाठीच उभ्या असाव्यात. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला तेवढाच. सगळं काढून नेलं त्यांनी, फक्त गॅलरीखालचा आकडा राहिला. तो सिमेंटात होता.

मधल्या काळात निवडणूक पक्षाने जिंकली होती. मिरवणुकीच्या डीजेने आमच्या कपाटातली कपबशी खाली पडली. दुकान काही महिने रिकामं राहिलं. मग एका संध्याकाळी मुलगा म्हणाला, "आई, त्यांना संपर्क कार्यालयाला जागा पाहिजे." घर त्याच्या नावावर झालेलं होतं, तो विचारत नव्हता, सांगत होता. त्याला शाळेत वरची जागा मिळायची होती, ती पुढे मिळालीही. नवं शटर बसलं, नवा रंग लागला. तो काळा चट्टा जुन्या शटराबरोबर भंगारात गेला. कार्यालयाची वायर आकड्यावरूनच नेली आहे. अध्यक्ष मला म्हणाला, "काकू, किती सोयीचा आकडा हाय!"

या वर्षी कोजागिरीला पक्षाच्या महिला आघाडीने भुलाबाईचा कार्यक्रम ठेवला. आपली परंपरा, म्हणाल्या. चौकात माणसापेक्षा उंच काळे बॉक्स उभे राहिले. मला बोलावणं आलं: आधी एक देशभक्तीचं गीत आणि मग भुलाबाईची सुरुवात काकूंनी करायची. मुलगा म्हणाला, "जाशील ना?" नात म्हणाली, "आजी, नको ना. तुझा व्हिडिओ निघतो."

मी गेले. मनात एक खोडी होती. एवढ्या वयात खोडीशिवाय माझ्याकडे दुसरं काही शिल्लक नाही.

देशभक्तीचं गीत विसरले म्हणून सांगितलं. भुलाबाईचं घेतलं, ज्यात वरचा सूर येतो ते. माइक तोंडाला पार चिकटवला. छाती भरून घेतली आणि तो सूर असा लावला की तरुणपणी कधी लावला नसेल. गाणं नव्हतंच ते. मी ओरडले. डोळे मिटून, होती नव्हती ती ताकद लावून ओरडले. त्यांची पापडी फाटावी, त्या काळ्या बॉक्सांतून धूर निघावा, सगळं एकदम बंद पडावं, आणि मग मी वळून आभाळाकडे पाहावं, एवढीच माझी इच्छा होती.

काही झालं नाही. माझा आवाज जसाच्या तसा बाहेर आला, घोगरा, फाटका, मशिदीच्या गल्लीपर्यंत, बसस्टँडपर्यंत, आणि समोरच्या भिंतीला लागून परत माझ्याच अंगावर. आयुष्यात पहिल्यांदा मी माझं गाणं पूर्ण ऐकलं. सासूबाईंचं खरं होतं. मी डोळे उघडून मशीनकडे पाहिलं. तिथे बाहेरून आणलेला एक माणूस कानाला मोठे डबे लावून मोबाइल बघत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

टाळ्या पडल्या. महिला आघाडीच्या बायांनी मला हाताला धरून खाली उतरवलं. अध्यक्ष पाया पडला. "काकू, या वयात काय आवाज हाय तुमचा!" समोरच्या सतरंजीवर माझ्याबरोबर पूर्वी गाणाऱ्या दोघी-तिघी बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, माझ्याकडे पाहिलंही नाही. एकीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुकुटबनला फोन लावला. भाई गेल्यापासून आम्ही ईदला आणि दिवाळीला बोलतो, तेवढंच.

"बोला भाभी. दूध उतू गेलं का?"

मी सगळं सांगितलं. नक्कल केली नाही, हातवारेही नाहीत, फोनवर कुणाला दिसणार? ते ऐकत राहिले. मागे कुणाचा तरी पंप सुरू होऊन बंद पडत होता.

"माइक किती दूर धरला होता?"

"पार तोंडात."

"अन् बटण कुठवर होतं?"

"मले काय माहीत, भाई? कोणाचा हातच नव्हता बटणावर."

"मग? गेलं का युनिट?"

"नाही गेलं."

"नाही जात, भाभी. आता मशीनी तशाच येतात. कितीही ओरडा, काही होत नाही त्यायले." मग पंपवाल्याला म्हणाले, "थांब ना बाप्पा, बोलून राह्यलो ना." आणि मला, "ठेवतो. गिऱ्हाईक आहे."

खाली कार्यालयात कुणीतरी माइक लावला होता. "चेक, चेक, चेक," चाललं होतं. मी गॅलरीत उभी होते, खालच्या आकड्याचा थरथराट पायाला जाणवत होता. मला आठवलं, गॅसवर दूध ठेवलं आहे. आत जाऊन पाहिलं. पातेल्यात तळाला थोडं राहिलं होतं, बाकी सगळं ओट्यावरून खाली चाललं होतं.